आठ की तीन?

चाचणीचे पेपर हातात आले का? कुणाची कॉलर ताठ झाली असेल, कुणी पेपर दप्तराच्या तळाशी घडी करून ठेवला असेल. असू दे. मी विचारणार नाही.

खरं तर या वेळी तुम्हाला काड्यापेटीच्या काड्यांचं एक कोडं घालणार होतो. पण परवा एक पत्र आलं आणि कोडं बाजूलाच राहिलं. पत्र आहे सातवीतल्या एका मुलीचं. नाव-गाव छापायचं नाही, अशी तिची सक्त ताकीद आहे! ती लिहिते : "सर, मी रोज सकाळी साडेपाचला उठून पळते. तीन वर्षं झाली. पण तालुक्याच्या स्पर्धेत माझा नंबर कधी पाचवा, कधी सातवा. पहिल्या तिघींत एकदाही नाही. आमच्या शाळेच्या भिंतीवर लिहिलंय, की प्रयत्न केले तर वाळूतूनसुद्धा तेल निघतं. मग माझं कुठं चुकतं? बाबा म्हणतात, नंबर येत नसेल तर पळणं सोड आणि अभ्यासाला लाग. सर, प्रयत्न केले तर काहीही जमतं, हे खरं आहे ना?"

खरं सांगू? नाही.

दचकलात ना? गुरुजी असून असं कसं लिहितात, असं पालकांच्याही मनात आलं असेल. थांबा, आधी त्या भिंतीवरच्या श्लोकाची गंमत सांगतो. मूळ श्लोक भर्तृहरीचा, संस्कृतातला. वामनपंडितांनी तो मराठीत आणला. आपण भिंतीवर त्याची पहिलीच ओळ रंगवतो. पुढे त्यात मृगजळाचं पाणी आहे, सशाचं शिंगही आहे. आणि शेवटी काय म्हटलंय? हे सगळं एकवेळ होईल, पण हट्टी मूर्खाचं मन वळवता येणार नाही! म्हणजे तो श्लोक मुळात न जमणाऱ्या गोष्टीबद्दलच आहे, बरं का. आपण सोयीची ओळ तेवढी घेतली.

आता माझी गोष्ट. ती मी वर्गात दरवर्षी सांगतो, या पानावर पहिल्यांदाच सांगतोय.

माझं लहानपण भुसावळला, रेल्वेच्या क्वार्टरमध्ये गेलं. वडील रेल्वेत होते. घरात घड्याळ होतं, पण त्याच्याकडे कुणी बघायचं नाही. कुठली गाडी गेली त्यावरून आई कुकर लावायची! आमच्या शेजारचे काका मालगाडीचे ड्रायव्हर. आता त्यांना लोको पायलट म्हणतात. ड्यूटीवर निघाले की त्यांची ती पत्र्याची पेटी फाटकापर्यंत उचलून न्यायचा मान माझा. पेटी माझ्यापेक्षा जड. पण मी कुणाला हात लावू द्यायचो नाही. मोठेपणी मीही अशीच पेटी घेऊन निघणार, हे माझं पहिलीपासून ठरलेलं होतं. सिग्नल तर तोंडपाठ. लाल म्हणजे थांबा. एक पिवळा म्हणजे सावध, पुढचा सिग्नल लाल असू शकतो. दोन पिवळे म्हणजे जरा वेग आवरा. हिरवा म्हणजे चला!

तिसरीत असताना चित्रकलेच्या तासाला मी आंब्याचं झाड काढलं. मनापासून रंगवलं. बाई जवळ आल्या आणि माझा कानच धरला. "थट्टा करतोस? खोड हिरवं आणि पानं तपकिरी?" सगळा वर्ग हसला. मी चित्राकडे बघत राहिलो. मला त्यात काहीच चुकलेलं दिसत नव्हतं. बाईंचाही दोष नाही, त्यांना तो वात्रटपणाच वाटला. त्या दिवसापासून मी खडूवरच्या कागदावर छापलेलं नाव वाचून रंग द्यायला लागलो. कागद फाटला, की तो खडू मी वापरायचोच नाही. घरच्यांना वाटे, पोरगा किती नीटनेटका!

तसं आणखीही काही काही व्हायचं. क्रिकेट खेळताना लाल चेंडू हिरव्या गवतात गेला, की सगळ्यांना तो लांबून दिसायचा आणि मी त्याच्या शेजारी उभा राहून शोधत असायचो. "आंधळा आहेस का रे भो?" असं मित्र म्हणायचे. मीही हसण्यावारी न्यायचो. एखादी गोष्ट आपल्याला दिसत नाही, हे आपल्याला कळणार तरी कसं? सांगा बघू.

बारावी झालो, २००७ साली. आता आय.टी.आय. करायचं आणि मग रेल्वेची परीक्षा. फीचे पैसेही वडिलांनी बाजूला काढले होते. पेटीवाले काका म्हणाले, "फी भरायच्या आधी डोळे तपासून घे. आमच्याकडचं मेडिकल कडक असतं." मला कसली भीती? लांबच्या पाटीवरची बारीक अक्षरं मी सगळ्यांच्या आधी वाचायचो. काकाच मला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले.

डॉक्टरांनी एक पुस्तक उघडलं. पानावर लहान-मोठे रंगीत ठिपके, गोलात भरलेले. त्यात एक आकडा लपलेला. जपानचे डॉक्टर शिनोबु इशिहारा यांनी १९१७ साली ही पानं पहिल्यांदा प्रसिद्ध केली. रंगदृष्टी तपासायला अजूनही ती वापरतात. पहिलं पान. मी म्हणालो, "बारा." बरोबर. ते पान सगळ्यांनाच वाचता येतं.

दुसरं पान. मी म्हणालो, "तीन."

मागे उभे असलेले काका हसले. "अरे, मस्करी नको करू. आठ आहे तो."

मी पुन्हा पाहिलं. तीनच होता. स्वच्छ, ठसठशीत तीन. पुढच्या एका पानावर मी सत्तर वाचले. तिथं सगळ्यांना एकोणतीस दिसतात. मग काकांचं हसणं थांबलं. नंतर एक पान असं आलं, की त्यावर काकांना काहीच दिसेना आणि मी मात्र आकडा वाचला. मला वाटलं, चला, एक तरी बरोबर आलं! पण ते पानच तसं असतं. ज्याची रंगदृष्टी चांगली त्याला तिथं काही दिसत नाही, आणि माझ्यासारख्याला दिसतं. डॉक्टरांनी पुस्तक मिटलं.

याला म्हणतात रंगांधता. नाव भयंकर आहे, पण सगळं काळं-पांढरं दिसतं असं मुळीच नाही. आपल्या डोळ्यात मागे दृष्टिपटल असतं. त्यात शंकूपेशी असतात, तीन प्रकारच्या. तिघींनी मिळून मेंदूला कळवायचं, की हा रंग कोणता. त्यातल्या एका प्रकारच्या पेशींचं काम बिघडलेलं असलं, की लाल, हिरवा, तपकिरी अशा रंगांची सरमिसळ होते. हा दोष बहुतेक वेळा जन्मापासून असतो आणि आईकडून येतो. कारण तो एक्स गुणसूत्रावर असतो. मुलींकडे दोन एक्स, एकानं दगा दिला तरी दुसरा सांभाळून घेतो. मुलग्यांकडे एकच! म्हणून हा दोष मुलग्यांत जास्त दिसतो. युरोपात शंभर पुरुषांत साधारण आठ जणांना तो असतो, बायकांत मात्र दोनशेत एखादीला. आपल्याकडे प्रमाण त्याहून कमी आहे. पण तुमच्या शाळेत एखादा तरी सापडेलच.

"औषध?" मी विचारलं. नाही. "चष्मा?" नाही. "ऑपरेशन?" नाही. (आता काही रंगीत काचांचे चष्मे मिळतात. रंगांतला फरक त्यांनी थोडा ठळक होतो, पण डोळ्यात जे नाही ते चष्म्यानं येत नाही. ते लावून मेडिकलही पास होत नाही.)

घरी आल्यावर काय झालं ते आई-बाबांनी जरूर वाचावं. दोष आईकडून आला म्हटल्यावर माझी आई गप्पच झाली. दोन दिवस नीट जेवली नाही. "माझ्यामुळं," एवढंच म्हणायची. मग तिला आठवलं, की तिचे वडील, म्हणजे माझे आजोबा, एकदा बाजारातून आजीसाठी हिरवं लुगडं म्हणून तपकिरी लुगडं घेऊन आले होते! आजीनं मरेपर्यंत त्यावरून त्यांना चिडवलं. मी आईला म्हटलं, "अगं, आजोबांचं नाकही आलंय की मला. ते चालतं, मग डोळे का नाही चालत?" तेव्हा कुठं ती हसली.

मी मात्र हसत नव्हतो. त्या वयात काय, हट्ट दांडगा. प्रयत्नानं सगळं जमतं, हे माझ्याही शाळेच्या भिंतीवर होतं ना! मी बारा खडूंची पेटी आणली, सगळे कागद सोलले आणि रोज रात्री दिव्याखाली रंग ओळखायला बसलो. बहीण तपासायची. वहीत मांडून ठेवायचो. पहिल्या दिवशी बारांतले पाच बरोबर. अठ्ठावीस दिवस असं केलं. अठ्ठाविसाव्या दिवशी किती बरोबर? पाच.

तेव्हा राग आला. सगळ्यात जास्त राग रेल्वेच्या नियमाचा. एवढ्याशा गोष्टीसाठी? मी दिव्याची जागा बघून सांगेन की! काकांनी वाद घातला नाही. एका रात्री मला स्टेशनच्या पुलावर घेऊन गेले. लांब अंधारात एकच ठिपका. खांब दिसत नव्हता, जागा कळत नव्हती. "सांग," म्हणाले.

"पिवळा."

"लाल आहे." मग थोडं थांबून म्हणाले, "पॅसेंजर गाडीला मागे हजार-दीड हजार माणसं झोपलेली असतात, भो."

दोस्तांनो, त्या रात्री माझा राग संपला. दुःख नाही संपलं, राग संपला. पुढे मी वाचलं, की स्वीडनमध्ये १८७५ साली दोन रेल्वेगाड्यांची टक्कर झाली. त्यानंतर होल्मग्रेन नावाच्या प्राध्यापकांना शंका आली, की सिग्नलचा रंगच कुणाला कळला नसेल तर? त्यांनी रेल्वेच्या माणसांना रंगीत लोकरीच्या लडी जुळवायला लावल्या. तिथून या तपासण्या सुरू झाल्या. मला इंजिनापासून लांब ठेवणारा नियम चांगला आहे. मी प्रवासी असतो तर मलाही तोच हवा असता. आणि मी प्रवासी आहेच!

नंतरचं एक वर्ष काही सांगण्यासारखं नाही. घरात बसून होतो. मग वडिलांच्या आग्रहानं डी.एड.ला गेलो. हौसेनं गेलो, असं खोटं लिहिणार नाही. लग्नाकार्यात नातेवाईक विचारायचे, "काय रे, ड्रायव्हर होणार होतास ना? मास्तर झालास का?" त्यावर काय उत्तर द्यायचं, ते मला पुष्कळ दिवस सुचत नव्हतं.

२०१० साली एका लहान गावात शिक्षणसेवक म्हणून लागलो. रंगांचं कुणाला सांगितलं नाही. मास्तरला रंग कळत नाहीत म्हटल्यावर पोरं काय म्हणतील? पण चित्रकलेचा तास येणारच होता. दुसरीतल्या एका मुलीनं शेत रंगवलं होतं. मी ऐटीत म्हणालो, "पिकं अशी तपकिरी असतात का?" ती माझ्याकडे बघतच राहिली. शेजारचा म्हणाला, "सर, हिरवंच आहे की." तोवर ती रडायला लागली होती.

मला माझं आंब्याचं झाड आठवलं. कानाची पाळीसुद्धा गरम झाल्यासारखी वाटली.

दुसऱ्या दिवशी मी वर्गाला सगळं सांगून टाकलं. पुस्तक, आठ, तीन, सगळं. पोरं हसतील असं वाटलं होतं. हसली नाहीत. त्यांनी मला पकडून परीक्षाच घेतली. "सर, हा कोणता? सर, माझी रिबीन कोणती?" मधल्या सुट्टीपर्यंत हा खेळ चालला. मग त्यांनीच ठरवलं, की दर आठवड्याला वर्गात एक रंगमंत्री नेमायचा. सरांना रंग अडला, की त्यानं सांगायचा. ती पद्धत मी बदली होऊन दुसऱ्या शाळेत आलो तरी चालूच आहे. मंत्रिपदासाठी भांडणं होतात, ती वेगळी! माझ्या वर्गातल्या सगळ्या खडूंवर चिकटपट्टीनं नावं लावलेली असतात. फळ्यावर मी लाल खडूनं लिहीत नाही. पांढरा आणि पिवळा, बास.

त्याच वेळी मुलांना मी जॉन डाल्टनची गोष्ट सांगितली. अणूबद्दलच्या सिद्धांतामुळं मोठ्या वर्गातल्या मुलांना हे नाव माहीत असेल. हा इंग्लंडमधल्या विणकराचा मुलगा. बारा वर्षांचा असल्यापासूनच शाळेत शिकवायचा. एकदा त्याला जिरेनियमचं फूल दिवसा आकाशी दिसलं आणि तेच रात्री मेणबत्तीच्या उजेडात लाल! लोक म्हणाले, आम्हाला तर ते तेव्हाही आणि आताही सारखंच दिसतं. फक्त त्याच्या भावाला त्याच्यासारखं दिसलं. दुसरा कुणी असता तर गप्प बसला असता. यानं १७९४ साली मँचेस्टरमधल्या विद्वानांच्या सभेत उभं राहून आपल्याच डोळ्यांतला दोष वाचून दाखवला. त्याला वाटायचं, आपल्या डोळ्यातला द्रव निळा असणार. मी मेल्यावर डोळा कापून बघा, असं सांगूनच ठेवलं होतं. १८४४ साली तो वारला, बघितलं, तर द्रव अगदी स्वच्छ. अंदाज चुकला! पण डोळे जपून ठेवले होते. दीडशे वर्षांनी, १९९५ साली शास्त्रज्ञांनी त्यातले जनुक तपासले आणि खरा दोष सापडला.

गोष्ट सांगून झाली, की एखादं मूल विचारतंच, "म्हणजे सर, तुम्हीपण मोठे शास्त्रज्ञ होणार?" नाही रे बाबा. आणि डाल्टन मोठा झाला म्हणून त्याचे डोळे काही सुधारले नाहीत. आपण गोष्टी सांगतो त्या नेहमी शेवटी पहिला नंबर आलेल्यांच्या. बाकीचे कुठं जातात?

आता एक गोष्ट नीट ऐका. हे वाचून उद्या कुणी घरी सांगेल, "सतराचा पाढा ही माझी मर्यादा आहे!" चालणार नाही. सतराचा पाढा मलाही येत नव्हता. अठ्ठावीस दिवस घोकला आणि आला. खडू मात्र अठ्ठावीस दिवसांनीही पाचच आले. करून बघितल्याशिवाय या दोन्हींतला फरक कळत नाही, आणि वहीत मांडल्याशिवाय तर नाहीच. मात्र पालकांनो, एखादं मूल घाम गाळूनही पुढं सरकत नसेल, अक्षरं उलटसुलट होत असतील, तर ते आळशी आहे असं म्हणण्यापूर्वी जरा थांबा. कुणाला तरी दाखवा. माझा कान धरला गेला, तेव्हा कुणालाच शंका आली नव्हती.

इतक्या वर्षांत माझ्या वर्गात रंगांधळी अशी पाच मुलं सापडली. पाचही मुलगे. शेवटच्या मुलाचे वडील शाळेत आले आणि तावातावानं म्हणाले, "सर, म्हणजे याची वाट बंद?" मी म्हणालो, काही वाटा बंद, पुष्कळ उघड्या. कोणत्या बंद ते आत्ताच कळलं, फी भरायच्या आधी. पोरगा दाराआड उभा राहून ऐकत होता. नंतर माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "सर, मग मी मुद्दाम करत नव्हतो ना?" "नाही," म्हटलं, "मुळीच नाही." उड्या मारत पळाला.

वर्ष संपलं, की मी माझा निकाल मीच लावतो. त्यात शाळेचा टक्का नसतो, बक्षीस नसतं. एकच प्रश्न असतो. या वर्षी माझ्या वर्गात, जे दिसतच नाही त्यासाठी कुणाचा कान धरला गेला का? नसेल, तर मी पास. नातेवाईकांना हे उत्तर अजून पटत नाही. त्यांना मी भुसावळची केळी देतो आणि विषय बदलतो.

आणि हो, रात्री लांबून मालगाडीचा आवाज आला, की अजूनही पोटात काहीतरी हलतं. ते जाईल असं वाटत नाही. राहू दे.

आता पत्र लिहिणाऱ्या मुली, तुझ्याकडे वळतो. तुझं 'नाही' माझ्यासारखं नाही. माझा डोळा तपासता आला, तुझ्या पायांबद्दल असं पान उघडून कुणाला सांगता येणार नाही. कदाचित तू अकरावीत सगळ्यांना मागे टाकशील, कदाचित पाचवीच येत राहशील. तू पहिली येशीलच, असं मी लिहिणार नाही. पण तुझ्या पत्रात तू तुझा वेळ कुठंच लिहिला नाहीस. फक्त नंबर लिहिलास. नंबर काही तुझा एकटीचा नसतो, शेजारच्या गावची मुलगी कशी पळते त्यावर तो ठरतो. एक वही कर. महिन्यातून एकदा, त्याच मैदानावर, तेवढंच अंतर, घड्याळ लावून. कधीतरी तो वेळही कमी व्हायचा थांबेल. तेव्हाही साडेपाचला उठायचं की नाही, हे तू ठरव, बाबांनी नको आणि मीही नको. बाबांनी एकदा सकाळी तुझ्याबरोबर मैदानावर यावं, एवढी माझी त्यांना विनंती. पळायला नको, नुसतं उभं राहायला.

कारण पत्राच्या कडेला, आडव्या अक्षरात, तू आणखी एक ओळ लिहिली आहेस. "सकाळी पळताना ओढ्याजवळ मोर दिसतात." किती दिसतात, ते पुढच्या पत्रात कळव. मोराच्या मानेचा निळा रंग मला अगदी तुमच्यासारखाच दिसतो, बरं का!